मिठाच्या वाटीचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी वाटी आहे, पण ताटातली नव्हे. माझ्यात कधी कुणी काही वाढलं नाही की माझ्यातून कधी कुणी घोटभर पाणी प्यायलं नाही. मी मापाची वाटी, आणि तीही फक्त मिठाची. माझं जवळजवळ सगळं आयुष्य मिठाच्या बरणीत गेलं. बरणी काचेची होती, म्हणून आतूनही मला खोलीतलं सगळं दिसायचं. जे दिसलं तेच सांगते. त्यात फारसं गोड काही नाही, पण मिठाच्या वाटीकडून गोडाची अपेक्षा तुम्हीही करू नका.

मला घडवलं एका भांडी ठोकणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं. त्याच्या दुकानात एक धिप्पाड माणूस आपल्या लहान मुलीला घेऊन आला होता. त्या माणसाची मांस भाजायची भट्टी होती. भाजण्याआधी मांसाला जो कोरडा मसाला चोळतात, तो हा माणूस घरीच बनवायचा, आणि त्यात मीठ घालायचा आपल्या ओंजळीनं. आता तो मसाला मुलीला शिकवायचा होता, पण तिची ओंजळ चिमणीएवढी.

"माझ्या ओंजळीएवढी वाटी करून दे," तो म्हणाला आणि पिशवीतलं मीठ ओंजळभर घेऊन त्यानं कारागिराच्या फळीवर ओतलं. कारागिरानं मिठाच्या त्या ढिगाकडे पाहिलं, चार वेळा मान हलवली आणि माझा पत्रा कापला. तीन दिवस तो मला ठोकत होता. मग आतून कल्हई केली, बाजूला आखूड दांडी जोडली, आणि तेच मीठ माझ्यात ओतून पाहिलं. ते काठोकाठ बसलं, एक दाणा सांडला नाही. मुलीनं टाळ्या वाजवल्या. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

ती मुलगी म्हणजे आत्या. पुढे सगळं घर तिला आत्याच म्हणू लागलं. तिचा धाकटा भाऊ तेवढा तिला ताई म्हणायचा, आणि त्याला सगळे नुसतं भाऊ म्हणत. माझ्या गोष्टीत मुख्य माणसं हीच दोघं.

मसाल्याची खोली भट्टीच्या मागे होती. लांबट खोली, एका भिंतीला उंच खिडकी, खाली दगडी ओटा. ओट्यावर तराजू, खल, बारीक जाळीची चाळणी आणि एक भली मोठी परात. मसाल्याचा दिवस आठवड्यातून एक. आत्या आधी जिरे आणि धणे मंद आचेवर कोरडेच भाजायची, मिरे नुसते गरम करायची. मग कुटणं आणि चाळणं. धुरावर वाळवलेल्या मिरच्यांची पूड, मोहरीची पूड, वाळवलेल्या लसणाची पूड आणि तांबूस साखर हे सगळं तराजूत तोलून घ्यायचं. तराजूत जात नसे ते एक मीठच, कारण मिठाला मी होते. चार वाट्या मीठ, शीग न ठेवता, अंगठ्यानं सपाट करून. मग आत्या दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत घालून सगळं एकजीव करायची, आणि शेवटी चिमूट जिभेवर ठेवून डोळे मिटायची. तिनं डोळे उघडेपर्यंत त्या खोलीत कुणी बोलत नसे.

वडील गेल्यावर भट्टी भावाकडे आली आणि मसाला आत्याकडे राहिला. आत्यानं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मला ठाऊक नाही. बरणीत बसून माणसाचं सगळंच कळतं असं नाही.

भाऊ तेव्हा विशीतला, तापट. एक दिवस तो तणतणत मसाल्याच्या खोलीत आला. हातात गिऱ्हाइकानं अर्धवट टाकलेली थाळी होती.

"ताई, तिसरं गिऱ्हाईक हे! सगळे खारट खारट म्हणून ओरडतायत. तुझ्या हाताला काही मोजमाप आहे की नाही?"

"बाबा घालायचे तेवढंच घालते मी. चार वाट्या."

"बाबांची गिऱ्हाइकं हमाल होती. दिवसभर घाम गाळायची, त्यांना चालायचं. ही माणसं खुर्चीत बसून येतात!"

"मग त्यांना उभं राहून यायला सांग."

आत्याला वेळेवर गप्प बसता येत नसे. भाऊ संतापला. मी तिच्या हातात होते, मिठानं भरलेली. त्यानं मला हिसकावून ओट्यावर आपटलं. मी दगडाच्या कोपऱ्यावर तळानं आदळले, घरंगळत दाराशी गेले. सगळीकडे मीठच मीठ. माझा तळ आत गेला होता, अर्ध्या लिंबाएवढा पोचा पडला होता.

मग आत्यानंच मला उचललं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "ठेवते हिला अशीच. तुला पुन्हा राग आला की काढून दाखवीन."

ती खरंच तसं करायची. भावाचा आवाज चढला की बरणीतून मला काढून नुसती उलटी धरायची. भाऊ लगेच खाली बघायचा. पण 'चुकलो' असा शब्द त्यानं कधी उच्चारला नाही.

आता गंमत ऐका. त्या दिवसानंतर खारटपणाची तक्रार थांबली. मापं तीच, चार वाट्या, अंगठ्यानं सपाट. गिऱ्हाइकं मात्र बोटं चाटू लागली. आत्याला वाटलं, आपण आता जास्त जपून मोजतो म्हणून हे झालं. भावाला वाटलं, ताईनं मनावर घेतलं. खरं कारण माझ्या पोटात होतं. तळ वर आल्यामुळे प्रत्येक वाटीत मीठ थोडं कमी बसत होतं. वडिलांची ओंजळ मी कधीच विसरले होते. पण मला कोण विचारणार? आणि पोचा दोघांनाही ठाऊक होता, पण तो रागाची आठवण म्हणून, मिठाच्या मापाशी त्याचा संबंध जोडायचं कुणाला काय कारण होतं!

पुढची पस्तीस वर्षं त्या मसाल्यानं भट्टीचं नाव केलं. समोरच्या दुकानातला खाटीक मांस घेऊन यायचा तो मसाल्याच्या खोलीत डोकावल्याशिवाय जायचा नाही. चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन चाटायचा आणि म्हणायचा, "आत्या, तुमचा हा मसाला माझ्या जोड्याला चोळला ना, तर जोडासुद्धा खाईन."

"आधी धुवून घे," आत्या म्हणायची.

त्या चांगल्या दिवसांबद्दल मी खूप बोलू शकते, पण माझी गोष्ट त्यांची नाही.

आत्याला साठी उलटल्यावर एकदा मोठा ताप आला. तीन आठवडे ती खोलीत आली नाही. आली तेव्हा वाळली होती, पण कामाला लागली. जिरे भाजले, मिरच्यांची पूड तोलली, चार वाट्या मीठ घातलं, चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मग दुसरी चिमूट घेतली. मग लसणाच्या पुडीची बरणी उघडून थेट नाकाशी धरली. मग मिऱ्यांची. मग मोहरीची. एक ना दोन, सगळ्या बरण्या तिनं उघडल्या, आणि शेवटी दाराला आतून कडी लावून ओट्याला टेकून उभी राहिली.

तिचं नाक आणि तिची जीभ त्या तापात गेली होती, मित्रांनो. खोलीत नुसत्या वासानं ठसका लागेल एवढा मसाला होता, आणि तिच्यासाठी ती सगळी लाल-काळी मातीच होती.

बाहेरून भावानं हाक मारली, "ताई, कसा झालाय?"

आत्यानं कपाळावरचा घाम पुसला. "झालाय नेहमीसारखा," ती म्हणाली.

तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मात्र मला बरणीतूनही कळत होतं. त्या घरात तिचं जे काही होतं ते त्या चिमटीत होतं. भावाची भट्टी होती, बायको होती, मुलगा होता. आत्याची जीभ होती. ती गेली म्हटल्यावर खोलीच्या कोपऱ्यातली एक म्हातारी एवढंच उरलं असतं, असं तिला वाटत असावं.

मग ती कानानं काम करू लागली. जिऱ्याची तडतड मंदावली की भांडं उतरवायची. धण्यांचा रंग खिडकीशी नेऊन पाहायची. बाकी तराजू होता, आणि मिठाला मी होते. दोन वर्षं मीच तिची जीभ होते म्हणा ना. मला सपाट करताना ती आता काठावरून दोनदा अंगठा फिरवायची, आणि वाट्या मोठ्यानं मोजायची, "एक... दोन... तीन... चार." पूर्वी ती कधीच मोठ्यानं मोजत नसे.

एकदा शेगडीजवळचं फडकं धुमसू लागलं. खोलीभर धूर झाला. आत्या पाठमोरी बसून मिरे निवडत होती. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे ती वळली आणि पायानं फडकं विझवलं. जळका तुकडा तिनं राखेत पुरून टाकला. मी बरणीत होते. मला हात असते तर मी काच वाजवली असती.

याच सुमारास भावाची सून घरात आली. चुणचुणीत, हसरी, प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवणारी. तिला मसाला शिकायचा होता. आत्या तिला शिकवायचीही मनापासून.

"आत्या, चाखून काय बघायचं असतं?" सुनेनं एकदा विचारलं.

"ते सांगून येत नाही. तुझी जीभ तुला सांगेल."

"आणि तुमची काय सांगते आत्ता?"

"माझी म्हणते, सूनबाई फार बोलते," आत्या म्हणाली. दोघी हसल्या. पण हसून झाल्यावर आत्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, ते सुनेनं पाहिलं नाही.

सुनेच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते तिच्या हातून झालं. माझी दांडी एका जागी चिरली होती. तिथे आत्याचं बोट कापलं आणि पिकलं. सांध्याला हिरवट डागही धरू लागला होता. सुनेला ते पाहवेना. तिनं बाजारातून स्टीलची एक नवीकोरी वाटी आणली. आणण्यापूर्वी घाईगर्दी केली नाही बरं, मला पिशवीत घालून दुकानात नेलं, दहा वाट्यांच्या तोंडाला माझं तोंड लावून पाहिलं. एकीशी माझा काठ तंतोतंत जुळला. उंचीही तेवढीच. पोचा तिला दिसला होता, पण तिला तो केवळ जुनेपणाची खूण वाटला.

"आत्या, ही घ्या. अगदी त्याच मापाची. बोटाला लागणार नाही, गंजणार नाही. ही जुनी आता विसावा घेऊ दे."

आत्यानं मला हातात घट्ट धरलं होतं. तिची बोटं माझ्या काठावर पांढरी पडली. नको म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं. आणि खरं कारण तिलाही नीट ठाऊक नव्हतं, तिला फक्त भीती वाटत होती. थोड्या वेळानं तिनं बोटं सोडली.

"मापाचीच आहे ना?" तिनं विचारलं.

"मी स्वतः लावून पाहिलीय."

अशी मी बरणीतून निघाले. सुनेनं मला टाकून दिलं नाही, एवढं खरं. फळीवर खिळ्यांचा एक उघडा डबा होता, त्यात ठेवलं. मिठाच्या शुभ्र गादीवरून मी गंजक्या खिळ्यांत आले. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं दुर्लक्ष ते.

दुसऱ्याच आठवड्यात मोठं काम आलं. नदीवर पूल बांधून पूर्ण झाला होता आणि पुलाच्या मुकादमानं सगळ्या कामगारांना जेवण द्यायचं ठरवलं होतं. दोनशे माणसं. भावाच्या भट्टीला एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. खाटकानं पहाटेपासून मांस आणून टाकलं. मसाला तिप्पट करायचा होता. मीठ सुनेनं घातलं, आत्या शेजारी उभी राहून मोजत होती. बारा वाट्या, नव्या वाटीनं, अंगठ्यानं सपाट. मी फळीवरून पाहत होते, आणि वाटी माझ्यापेक्षा किती खोल आहे ते मला तिथूनही दिसत होतं.

परात एकजीव झाली. सुनेनं चिमूट पुढे केली. "आत्या, चाखा."

आत्यानं चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. खोलीत कुणी बोललं नाही. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "झालाय. लावा."

सुनेनंही चिमूट घेतली होती. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. ती काहीतरी म्हणणार होती. पण पस्तीस वर्षांच्या जिभेपुढे आपली दोन महिन्यांची जीभ काय पुढे करायची, असं तिला वाटलं असावं. तिनं परात तशीच मांसाकडे सरकवली.

एरवी मसाला भाजायच्या आधी तासभर चोळत, पण एवढं मांस सकाळी उरकणार नव्हतं, म्हणून या वेळी मसाला चोळून ते रात्रभर ठेवलं. मीठ अशा वेळी नुसतं वर राहत नाही, ते आत उतरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीच्या अंगणातून आधी हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. मग पाणी मागण्याचे. मग फक्त पाणी मागण्याचे. मग आवाज येईनासे झाले.

भाऊ मसाल्याच्या खोलीत आला. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. हातात एक थाळी होती, अर्धवट टाकलेली. मला वाटलं, काळ मागे फिरला.

"ताई, तू चाखलं होतंस?"

"चाखलं होतं."

"नीट?"

"नीट."

"दोनशे माणसं उपाशी उठली ताई! मुकादमानं माझ्यासमोर घास थुंकला. आणि तू म्हणतेस नीट?" त्यानं थाळी तिच्यापुढे धरली. "घे. खा. माझ्यासमोर खा आणि सांग मला कसं लागतंय."

आत्यानं एक तुकडा तोंडात घातला. हळूहळू चावला. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. खारट नाही, तिखट नाही, काही नाही. तिनं भावाकडे पाहिलं, तो काय ऐकायला उभा आहे ते ओळखलं आणि म्हणाली, "खारट झालंय."

"झालंय ना? मग काल का नाही कळलं?"

भावानं थाळी वर उचलली. मला वाटलं, तो थाळी आपटेल. पण त्यानं ती अलगद ओट्यावर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आता पुरे झालं ताई. वय झालंय तुझं. उद्यापासून मसाला सूनबाई बघेल. तू आराम कर."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजानं आत्या जी बसली ती उठेना. सून दाराशी उभी होती, तोंडावर पदर धरून. चिमूट तिनंही चाखली होती, आणि बोलली नव्हती.

त्यानंतर आत्या मसाल्याच्या खोलीत आली नाही. मागच्या पायरीवर बसून असायची. सून एकटी मसाला करू लागली. तिनं मीठ आपल्या जिभेनं कमी केलं, कधी फार कमी, कधी पुन्हा जास्त. तिला दर वेळी वेगळा मसाला मिळायचा. वहीत बारा ठिकाणी खाडाखोड झाली. खाटीक एकदा चाखून नुसताच गेला. जोड्याचं काही बोलला नाही.

एके दुपारी सुनेला लसणाची माळ टांगायला खिळा हवा होता. तिनं फळीवरचा डबा काढला आणि खिळ्यांबरोबर मी तिच्या हाती आले. आत खिळ्याचा गंज पडला होता. तिनं मला धुतलं, पुसलं आणि सहज म्हणून नव्या वाटीतलं मीठ माझ्यात ओतलं.

मी भरले, आणि मीठ अजून येतच होतं. माझ्या काठावरून ते ओट्यावर सांडलं.

सून थांबली. सांडलेलं मीठ बोटानं गोळा केलं. पुन्हा नवी वाटी भरली, पुन्हा माझ्यात ओतली. पुन्हा सांडलं. असं चार वेळा केलं. चार वाट्यांचं सांडलेलं मीठ एकत्र करून नव्या वाटीत भरलं, तर ती काठाला फक्त बोटभर कमी भरली. मग तिनं मला उलटं केलं, पोच्यावरून बोट फिरवलं आणि खिडकीशी उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई!"

मला हातात घेऊन ती पायरीवर धावत गेली. "आत्या, तुमची चूक नव्हती! वाटीची होती. म्हणजे माझी. मी तोंड लावून पाहिलं, पोट पाहिलंच नाही. तुमच्या चार वाट्या म्हणजे माझ्या तीनच! मी बाबांना सांगते आत्ताच. बाबा! ओ बाबा!"

भाऊ बाहेर आला. सुनेनं सगळं सांगितलं, मीठ ओतून दाखवलं. भावानं पोचा पाहिला, आणि तो कुणी पाडला हे त्याला सांगावं लागलं नाही. पस्तीस वर्षं लोक ज्या चवीसाठी येत होते ती आपल्याच रागातून निघाली, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्याचा चेहरा उतरला.

आत्या सुटली होती. तिनं मान हलवली असती तरी पुरे होतं. सगळ्यांनी वाटीला दोष दिला असता आणि तिला तिची जागा परत मिळाली असती. मी तिच्या मांडीवर होते. तिचा अंगठा माझ्या काठावरून फिरत होता, मीठ सपाट करताना फिरायचा तसा.

"चूक वाटीची असेल," आत्या म्हणाली. "पण चाखलं म्हणाले ते खोटं माझं होतं."

"म्हणजे?" भावानं विचारलं.

"मला चव कळत नाही भाऊ. वासही नाही. तापानंतर सगळं गेलं. दोन वर्षं झाली."

सून तिच्याजवळ खाली बसली.

"मला कळलं होतं आत्या, त्या दिवशी. जास्त झालंय हे कळलं होतं. मीही बोलले नाही."

"का गं?"

"तुम्ही झालाय म्हणालात ना."

आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

माझी गोष्ट इथे संपली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ एकटाच मसाल्याच्या खोलीत आला. त्यानं मला बरणीतून काढलं, कारण सुनेनं मला पुन्हा बरणीत ठेवलं होतं. ओट्यावर फडकं पसरलं, मला त्यावर ठेवलं, माझ्या आत एक गोल लाकडी खुंटी धरली आणि हातोडा उचलला. तो माझा पोचा काढायला आला होता. इतक्या वर्षांनी त्याला ते सुचलं होतं.

मित्रांनो, मला एवढी भीती आपटताना वाटली नव्हती. रागानं मारलेला एक फटका मी सोसला होता. हा फटका प्रेमाचा होता, आणि हा बसला असता तर मी पुन्हा खारट झाले असते.

"बाबा!" दारातून सून ओरडली. "हात थांबवा!"

तिच्या मागून आत्या आली. तिनं हातोडा पाहिला, खुंटी पाहिली. "अरे, ते राहू दे," ती म्हणाली. "त्या पोच्यावरच आपलं घर उभं आहे."

भावानं हातोडा खाली ठेवला आणि ओट्याला टेकून बसला. "मला वाटलं," तो म्हणाला, "निदान तेवढं तरी नीट करावं."

'चुकलो' हा शब्द त्याच्या तोंडून याही वेळी निघाला नाही. पण आत्यानं या वेळी मला उलटी करून त्याला दाखवलं नाही. सरळ बरणीत ठेवून दिलं.

आता मी पुन्हा मिठात आहे. दांडीच्या चिरेवर सुनेनं कापडाची पट्टी गुंडाळली आहे. मसाल्याच्या दिवशी दोघी ओट्याशी असतात. आत्या जिऱ्याची तडतड ऐकते, मला सपाट करते, वाट्या मोजते. चिमूट सून चाखते. आत्याची जीभ परत आली नाही. वैद्य म्हणाला, आता यायची नाही.

परवा सुनेनं चाखलं, डोळे उघडले.

"कसा झालाय?" आत्यानं विचारलं.

"झालाय नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे कसा ते नीट सांग मला," आत्या म्हणाली. "मी विसरायला लागलेय गं."

सुनेनं पुन्हा चिमूट घेतली आणि एकेक शब्द जुळवत सांगू लागली. आधी साखर येते, मग मीठ, मग मिरचीचा धूर, आणि सगळ्यात शेवटी मिरे, घशाशी. आत्या डोळे मिटून ऐकत होती, आणि तिच्या ओठांची बारीक हालचाल होत होती, जणू ती ते तोंडात घोळवत होती.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात एखादं वाकडं, पोचलेलं भांडं असेल तर ते टाकण्याआधी, आणि सरळ करण्याआधीही, जे ते रोज हाताळतात त्यांना विचारा. आणि तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस बरणी उघडून ती फार वेळ नाकाशी धरून उभं असलेलं दिसलं, तर काय झालं ते त्यांना त्याच दिवशी विचारा. मी सगळं पाहत होते, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.